माझ्या हृदयाच्या तीन शिफ्ट

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला आणि पांढरा सदरा कामातून गेला. ठेवला? आता ऐका. भिलाईत एका शिकल्यासवरल्या माणसानं डॉक्टरांच्या अख्ख्या फौजेला कसं पळवलं, त्याची गोष्ट आहे. शिकलासवरला माणूस म्हणजे मीच.

मी बोपचे. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य काढलं, रिटायर झालो आणि भिलाईतच, रिसालीत घर बांधून बसलो. बसलो तो बसलोच! तर्रीची भाजी, दुपारची झोप, संध्याकाळची भजी. शेवटी गेल्या वर्षी छातीत कळ आली, डॉक्टरांनी स्टेंट बसवला आणि मला गोळ्यांच्या पिशवीसकट घरी पाठवलं.

काही महिन्यांनी हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बाई मूळच्या गोंदियाच्या, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायच्या. अटॅक येऊन गेलेल्या माणसांचं पुढं काय होतं, कुणाला पुन्हा धोका असतो, कुणाची प्रकृती सुधारते, कुणाची बिघडते, याचा अभ्यास त्या करत होत्या.

"काका, तुम्ही या अभ्यासात याल का?"

याल का? अहो, रिटायर माणसाला 'तुमची गरज आहे' असं कुणी म्हटलं की तो कशालाही तयार होतो. मी प्रमोशनच्या कागदावर करावी तशी ऐटीत सही केली.

मग एके दिवशी सकाळी दहाला त्यांनी माझ्या छातीला गोल पट्ट्या चिकटवल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि एक छोटी डबी कमरेला अडकवली.

"काका, हे मशीन चोवीस तास ठोके लिहीत राहणार. बंद पडू द्यायचं नाही. आंघोळ करायची नाही. किती वाजता काय केलं, काही त्रास झाला का, ते या डायरीत लिहायचं. पट्टी निघालीच तर या जादा पट्ट्या, आणि कुठली कुठं लावायची त्याचं हे चित्र. उद्या दहाला आणून द्या."

चोवीस तास! बंद पडू द्यायचं नाही! आता तुम्हीच सांगा, प्लांटच्या माणसाला यातून काय कळणार? मशीन चालतं चोवीस तास. माणूस चालतो का? माणूस आठ तास चालतो! दुपारी दोनला बी शिफ्टवाला येतो, रात्री दहाला सी शिफ्टवाला. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि तो आला की मागं वळून बघायचं नाही. हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं.

त्यात त्याच दिवशी दुपारी जवळच्या उतईला पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा! मे महिन्याचं ऊन, अंगाला घामाच्या धारा, आणि मी बिनआंघोळीचा, सदऱ्यातून वायरी लोंबवत व्याह्यांना भेटणार? छे!

दुपारी मी शेजारच्या रामटेकेला हाक मारली. रामटेके रेल्वेत सिग्नलचा केबिनमन होता. त्याची बायको लेकीकडं राजनांदगावला गेलेली, तो घरी एकटाच. त्याला सगळं समजावलं. केबिनमनला ते समजावायला किती वेळ लागणार?

"म्हणजे तुले रिलिव्हर पायजे," तो म्हणाला.

"बरोबर!"

"मंग असं सांग न. कितीले चार्ज घ्यायचा?"

"दोनले."

आमची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिचा कपाळावर हात.

"अवो, डॉक्टरीनबाईनं मशीन तुमच्या छातीले लावली न? मंग भाऊजीले कावून लावून राहिले?"

"मशीन बंद नाई पडली पायजे, एवढंच सांगतलं तिनं. माणूस बदलू नका असं सांगतलं का?"

"बदला असं बी नाई सांगतलं."

"अवं, शेवटी साऱ्या पेशंटचे आकडे एकत्रच करनार हायेत न थे लोक? त्यात रामटेकेचे चार आले तं काय बिघडते?"

ती काही बोलली नाही. आमच्याकडं बायको गप्प बसली की समजावं, माणूस खड्ड्यात चाललाय. पण मी कशाचा समजतो! आयुष्यभर वायरी जोडलेल्या हातांनी चित्र बघून दोन मिनिटांत मशीन रामटेकेच्या छातीवर चढवलं. डायरीत 'चार्ज दिला' लिहून सही केली, त्यानं 'चार्ज घेतला' लिहून सही केली. मी मस्त आंघोळ केली, अत्तर लावलं आणि बायकोला स्कूटरवर बसवून उतईला निघालो.

रात्री दहाच्या ठोक्याला रामटेके दारात हजर. "रिलिव्हर कुठं हाय?" मी जेवून, जिलेब्या हाणून आडवा झालेलो. शेवटी बायको चिडचिड करत डबी, पट्ट्या आणि ते चित्र घेऊन आत गेली. "तुमच्या मशीनच्या पायी एक दिवस माहाच जीव जाईन," एवढंच म्हणाली.

सकाळी सहाला मी पुन्हा चार्ज घेतला, डायरीवर नजर टाकली, खाली झोकात 'सर्व ठीक' लिहिलं आणि दहाला हॉस्पिटलात नेऊन दिलं. वाटलं, पाठीवर शाबासकीची थाप पडणार.

दुपारी तीनला फोन आला.

"काका, आहात तिथंच बसा. जिना चढू नका, गाडी चालवू नका. घरच्या कुणाला तरी घेऊन रिक्षानं ताबडतोब या!"

बायकोला घेऊन मी रिक्षानं निघालो. हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअर तयार. आत चार डॉक्टर एका लांबलचक कागदाभोवती जमलेले. मला पलंगावर झोपवलं, हाताला सुई टोचली. बायकोनं माझा दुसरा हात घट्ट धरला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली.

"काका, काल दुपारनंतर तुमचं हृदय मधेच काही सेकंद थांबत होतं," बाई म्हणाल्या. "असं चक्क पाच-सहा वेळा झालंय. पेसमेकर बसवावा लागेल. नवल म्हणजे रात्री ठोके एकदम सुरेख आहेत, निरोगी माणसासारखे!"

रात्रीचे सुरेख? मी बायकोकडं पाहिलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडेना! भीतीनं अक्कल गोठते म्हणतात ते हेच.

"साडेचारला काय करत होता?"

"साडेचारले? उतईले होतो जी. जिलेबी खाऊन राहिलो होतो."

बाईंनी डायरी उघडली. "पण इथं तर लिहिलंय, 'साडेचार. घरी खुर्चीवर. बसल्या बसल्या डोळ्यांपुढं अंधार. ऊन लागलं असन.' आणि खाली अकराला, 'भांडी घासून झाली. त्रास? हो. हे घोरून राहिले.'" त्यांनी मान वर केली. "काका, हे कोण घोरतंय?"



तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हसण्यासारखं काहीच नव्हतं त्यात. साडेचार म्हणजे बी शिफ्ट. बी शिफ्ट म्हणजे रामटेके. डोळ्यांपुढं अंधार आला असं त्या बिचाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, आणि मी त्याच्याखाली 'सर्व ठीक' म्हणून सही ठोकली होती!

"बाई, मी नाई जी थो!" मी ओरडलो. "हृदय रामटेकेचं हाय!"

त्यांना वाटलं, माझा तोल गेला. एका डॉक्टरनं माझे खांदे दाबून धरले. शेवटी बायकोनं दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. बाईंच्या चेहऱ्याचा रंग काय बदलला म्हणता! पण राग बाजूला ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "तो माणूस आत्ता कुठं आहे?"

मी फोन लावला.

"रामटेके, कुठं हायेस बे?"

"स्टुलावर उभा हावो. कूलरची खस बदलून राहिलो."

"खाली उतर!"

"दोन खिळे राहिले हायेत."

"खिळे गेले खड्ड्यात! उतर आधी! तुहं हृदय थांबून थांबून चालून राहिलं!"

"तुले कोनं सांगतलं?"

"तुह्या शिफ्टच्या रीडिंगमंधी आलं बे!"

केबिनमनचा सगळ्यांवरचा विश्वास उडेल, पण रीडिंगवरचा उडत नाही. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "उतरलो. बसलो खाली. आता काय करू?" मला रडूच आलं हो. ज्याच्याकडून वर्षानुवर्षं साखर उसनी आणली, त्याला मी आंघोळीपायी जुंपलं होतं, आणि तो अजूनही मलाच विचारत होता.

हॉस्पिटलची गाडी जाऊन त्याला घेऊन आली. दोन दिवसांनी पेसमेकर बसला. गेले कित्येक महिने येणारी चक्कर तो उन्हाच्या खात्यावर टाकत होता, त्यामुळं आणखी काही दिवसांनी काय झालं असतं याचा विचारही नको. त्याची बायको राजनांदगावहून धावत आली आणि माझ्या पाया पडायला लागली, तेव्हा मी अक्षरशः संडासात जाऊन लपलो.

बाईंनी मला काय ऐकवलं ते सांगत नाही, वयाचा मान ठेवून ऐकवलं एवढंच. माझे त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द झाले, आणि अभ्यासाच्या कागदावर ठळक अक्षरांत एक नवी ओळ छापून आली: 'हे यंत्र फक्त पेशंटनेच लावावे. कोणत्याही कारणासाठी दुसऱ्या व्यक्तीस लावू नये.'

महिन्याभरानं मी तपासणीला गेलो तेव्हा सोबत रामटेकेही होता, त्याचीही तपासणी होती. बाकावर टेकलो. समोर उतईकडचा कुणी नवा पेशंट बसला होता आणि सिस्टर त्याला कागद वाचून दाखवत होती. ती ओळ आली तसा तो बुवा हसत सुटला.

"असा येडा कोन असन वो सिस्टर, जो आपली मशीन दुसऱ्याले लावन?"

अख्खा हॉल हसला. मीही हसलो. मुद्दाम सगळ्यांत जोरात हसलो.

"नाव नाही सांगता येत," सिस्टर म्हणाली. "अभ्यासातल्या पेशंटचं नाव आम्ही गुप्त ठेवतो."

काय सांगू, जीव भांड्यात पडला! मनातल्या मनात मी त्या नियमाला हात जोडले.

तेवढ्यात शेजारचा रामटेके ताडकन उभा राहिला. "मी थोडीच अभ्यासात हावो? मी सांगतो न!" असं म्हणून त्यानं पेसमेकरवरचा हात काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.