आईच्या कानाला लागलेला शब्द

आई उन्हाळ्यासाठी अमरावतीला माझ्याकडे आली आणि एका सकाळी तिचा उजवा कान अचानक बंद झाला. इथल्या डॉक्टरांनी मशीनवर तपासून कागदावर लिहिलं, इडिओपॅथिक. अकोल्याला नेलं, तर तिथल्यांनीही तेच लिहिलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, तरी घरी येऊन शब्दकोश काढला. ज्याचं कारण कळत नाही असा आजार. ग्रीक मूळ पाहिलं तर 'स्वतःचंच दुखणं'. तळपायाची आग मस्तकात गेली. माहीत नाही एवढं सांगायला हा असला भारदस्त शब्द! विद्यार्थ्यानं पेपरात असं उत्तर लिहिलं असतं, तर मी भोपळा दिला असता.

मला खरं कारण हवं होतं, कारण आत्याकडे एक तयार होतं. यंदा मी नवा कूलर घेतला होता आणि आई नको म्हणत असताना तिची खाट हट्टानं त्याच्या तोंडाशी लावली होती. आत्या फोनवर साऱ्या नातेवाइकांना सांगत सुटली, "पोरीनं कूलर लावून मायचा कान घालवला." मी दोन्ही डॉक्टरांना विचारलं, कूलरनं होतं का? दोघंही म्हणाले, "सांगता येत नाही." सरळ नाही म्हणायला काय जात होतं त्यांचं! तेव्हापासून मी कूलरचं बटण दाबलं नाही. दोघी उकडून निघत होतो.

आईनं मात्र तो शब्द पाठ केला आणि वापरायलाच काढला. अकोल्याची एसटी आली नाही, इडिओपॅथिक. मिक्सर बंद पडला, इडिओपॅथिक. शेजारीण बोलेनाशी झाली, तेही इडिओपॅथिक.

"आई, तो फक्त बिमारीले लावतेत!" मी वैतागले.

"तू कावून चिडून राहिली? कारन सापडत नाई त्यालेच म्हन्तेत ना? मंग!"

माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्याची अशी वाट लागली.

परवा आत्याचा फोन आला. आईनं तो डाव्या कानाला लावला. पुन्हा कूलरचा विषय निघाला असावा, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिनं नणंदेपुढे आवाज चढवला.

"अक्का, दोन डॉक्टरायनं लिहून देल्लं हाय. इडिओपॅथिक. म्हंजे कोनाचीच चूक नाई. माह्या पोरीची तं नाईच नाई."

फोन ठेवून ती खाटेवर आडवी झाली.

"लाव व तो कूलर आता," ती म्हणाली. "जीव चाल्ला गरमीनं."