उजवी नाकपुडी

उल्का आगाशे निवृत्त झाल्या त्याच महिन्यात त्यांनी गाडी काढून टाकली आणि धायरीतल्या घराच्या रिकाम्या पोर्चमध्ये एक जाडजूड सुतारी टेबल आणून ठेवलं. नवरा दिगंबर, जन्म नारायण पेठेतला. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आपल्याकडे बसायला सहा खुर्च्या आहेत. माहितीसाठी सांगितलं."

"त्या तुम्हाला. मला माझी स्वतःची करायचीय," उल्काताई म्हणाल्या.

तीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत्या. ऑपरेशनमध्ये काढलेले मांसाचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ पापुद्रे कापायचे, काचपट्टीवर चढवून डॉक्टरांपुढे ठेवायचे. धारेची हाताला सवय होती. तरी पहिल्या दिवशी करवत अशी भरकटली की सरळ आखलेल्या रेषेला शेवटी अर्धा इंच सोडून गेली.

शिकवायला यायचा उत्तरेश्वर. मूळचा बार्शीकडचा, वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, तीन गल्ल्यांपलीकडच्या फर्निचरच्या कारखान्यात वीस वर्षं कामाला. मागे त्यांचा फुगलेला दरवाजा त्यानेच नीट केला होता. रविवारी सकाळी नऊला यायचा, चहा घ्यायचा, आणि त्यानंतर बाराच्या ठोक्यापर्यंत उल्काताईंना सुट्टी नसायची.

"हात चांगला हाय ताई तुमचा," तो म्हणायचा. "पण तुम्ही लाकडाला भिता. ते मेलेलं हाय. ते काय करतंय?"

लाकूड ओळखायची त्याची रीत वेगळी होती. रंध्याने एक साल काढायची, बोटांत चुरगळायची आणि नाकाशी धरायची. डोळ्याला फसवता येतं, पॉलिश मारलं की सगळंच सागवान दिसतं, पण नाकाला कोण फसवणार, असं त्याचं म्हणणं. तो उल्काताईंना डोळे मिटायला लावून सालींचे वास देई. दोन महिन्यांत त्या साग, शिसम, कडुनिंब बिनचूक सांगू लागल्या. दिगंबर खिडकीतून म्हणत, "घरातली आमटी करपली तेव्हा मात्र कुणाला वास आला नाही."

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. उल्काताईंनी वखारीतून एक फळी स्वतः निवडून आणली होती. उत्तरेश्वरने तिची साल काढली, चुरगळली, नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाला, "साग."

ताई हसल्या. परीक्षा घेतोय असं त्यांना वाटलं. कारण त्या सालीचा कडवट वास तीन हात लांब त्यांच्यापर्यंत आला होता. तो निव्वळ कडुनिंब होता.

"नीट बघा," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा हुंगलं. मग तो चूर झटकून टाकत म्हणाला, "सर्दी हाय जरा," आणि खिशातून रुमाल काढला. रुमालावर सुकलेले तपकिरी डाग होते. त्याने नाक पुसलं तेव्हा त्यात एक ओला लाल डाग आणखी पडला.

"रक्त येतंय तुम्हाला."

"उष्णता. भुशानं नाक कोरडं पडतं, फुटतं कधीमधी."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून आसंल."

"दोन्हीकडून?"

"न्हाई. उजवीकडनंच." मग त्याने वर पाहिलं. "का वो?"

"काही नाही," उल्काताई म्हणाल्या.

लॅबमध्ये प्रत्येक तुकड्याबरोबर एक फॉर्म येत असे. डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नसे, पण वय, व्यवसाय आणि तक्रार हे तीन रकाने वाचायची ताईंना सवय होती. तीस वर्षांत चार फॉर्मवर त्यांनी 'सुतारकाम' वाचलं होतं. चारही पुरुष. चौघांचाही तुकडा नाकाच्या आतला, आणि चौघांचीही तक्रार एकाच बाजूच्या रक्ताची. हजारो कागद विसरल्या होत्या त्या. हे चार राहिले होते.

पुढच्या रविवारी त्यांनी उत्तरेश्वरला चांगल्यातला मास्क आणून दिला. त्याने तो हनुवटीला अडकवून ठेवला. त्या रविवारी त्या काही बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आपण काही डॉक्टर नाही, असं त्या स्वतःला सांगत. नाकात साधा मांसाचा कोंब वाढला असेल, त्यानेही रक्त येतं. उगाच माणसाच्या काळजात भीती घालायची? हे सगळं खरं होतं. पण दुसरंही एक खरं होतं आणि ते त्यांना रात्री अंथरुणावर पडल्यावर टोचायचं. खुर्चीचे पाय तयार होत आले होते, पण पायाची कूस, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, खाचेत घट्ट बसत नव्हती, आणि ती बसवायला शिकवणारा हा एकच माणूस होता. सांगितलं असतं तर रविवार संपले असते.

असे पाच रविवार गेले.

"हल्ली तुझं लक्ष लाकडाकडे नसतं," एकदा जेवताना दिगंबर म्हणाले. "तू त्याच्या तोंडाकडे बघत असतेस."

मग ताईंनी सांगून टाकलं. दिगंबरांनी नेहमीसारखा टोमणा मारला नाही. हातातला घास ताटात ठेवला. "तीस वर्षं तू निदान झालेल्या माणसांचे तुकडे कापलेस, उल्का. हा अजून अख्खा आहे. कशाची वाट बघतेस?"

सहाव्या रविवारी उत्तरेश्वर आला तो उजवा गाल किंचित सुजलेला घेऊन. दाढ दुखतेय म्हणाला. खाच पाडण्यासाठी ताईंनी पेन्सिलीने आखून ठेवलेल्या पायावर त्याने पटाशी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग वैतागून म्हणाला, "दोन रेघा कशाला मारल्या? कुठली धरू?"

ताईंनी पायाकडे पाहिलं. रेघ एकच होती.

"उत्तरेश्वर, बसा जरा," त्या म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. चार फॉर्म, रक्ताची एक बाजू, गेलेला वास, आता ही दुहेरी दिसणारी रेघ. कॅन्सर हा शब्द त्यांनी टाळला नाही.

तो आधी हसला. मग त्याने पटाशी फडक्याने पुसली, आपल्या पिशवीत घातली, हातोडी घातली, गुण्या घातला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "ताई, मी तुमास्नी रंधा मारायला शिकवला. तुम्ही मला मरायचं शिकवू नका."

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोनही उचलला नाही. सोमवारी ताई विचारत विचारत धायरी गावठाणातल्या त्याच्या खोलीवर गेल्या. तो कामावर होता. त्याची बायको रुपाली दारात गहू निवडत होती. ताईंनी बोलायला सुरुवात केली तसे तिचे हात सुपात थांबले.

"उशीवर डाग पडत्यात," ती हळूच म्हणाली. "इचारलं तर म्हणले पान खाल्लं हुतं. पण हे पान खात न्हाईत ताई. कधीच."

रुपालीने भांडण केलं नाही. मंगळवारी कामाचा खाडा पाडायला लावून तिने त्याला ताईंच्या जुन्या इस्पितळात आणलं; ताई दारातच उभ्या होत्या. नाकात बारीक कॅमेरा घातला, तुकडा काढला. भरायचा कागद उत्तरेश्वरपुढे आला तसा ताईंनी तो आपल्याकडे ओढून घेतला. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'सुतारकाम' लिहिलं. लॅबमध्ये त्यांच्या जागी आता नवीन मुलगी होती. ती तो कागद वाचेल का, असं त्यांच्या मनात आलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. गाठ नाकाच्या वरच्या पोकळीतून डोळ्याच्या खोबणीत शिरली होती. ऑपरेशन साडेदहा तास चाललं. उजवा डोळा ठेवता आला नाही. टाळूचा एक भागही गेला. मग सहा आठवडे किरणं. उल्काताईंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, पाच आठवडे आधी आला असता तर? डॉक्टर रिपोर्ट मिटत म्हणाले, "एवढ्यानं फार फरक पडला नसता." हे खरं होतं, का आपल्या जुन्या सहकारी बाईंची त्यांनी कीव केली, ते ताईंना आजतागायत कळलेलं नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी तो पोर्चमध्ये आला. डोळ्यावर पांढरी पट्टी, आवाज नाकातून फुटल्यासारखा. ताईंनी लाकूड घासायचं छोटं मशीन बंद केलं, भुसा बसू दिला आणि मगच त्याला आत घेतलं. खुर्ची त्यांनी एकटीनेच पुरी केली होती. तो बसला नाही. हाताने कूस चाचपून म्हणाला, "घट्ट हाय."

"मला तुमच्या आधी पाच आठवडे कळलं होतं," ताई म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य कितीदा तरी घोकलं होतं. "मी बोलले नाही. मला शिकायचं होतं."

त्याने खुर्चीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "रक्त माझ्याच नाकातनं येत हुतं, ताई. मी तरी कुठं बोललो."

एवढंच. माफ केलं की नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही. जाताना मात्र म्हणाला, "कारखान्यात चौघं हायत अजून. मी सांगाया गेलो तर माझं तोंड बघून लांब सरकत्यात. तुम्ही या एकदा."

सोमवारी ताई गेल्या. पत्र्याची लांबलचक शेड, एक पंखा, आणि हवेत उभा राहिलेला भुसा, इतका की आतली माणसं फक्त आकाराने दिसत होती. करवतीचं मशीन थांबवायला लावून त्यांनी एकेकाला विचारलं. नाक बंद राहतं का, वास येतो का, रक्त येतं का. मालक दारात घड्याळ बघत उभा होता. तिघांनी नकारार्थी माना हलवल्या.

चौथा महिपती, पंचविशीतला, पापण्यांवर पांढरी भुकटी बसलेली. तो म्हणाला, "कुठल्या बाजूनं?"

"कुठल्याही," ताई म्हणाल्या. "तुम्हाला येतं का?"

महिपतीने मालकाकडे पाहिलं. मग बाहीने तोंड पुसलं, फळी सरळ केली आणि मशीनचं बटण दाबलं.