यादीत नसलेली आदोळी

धारगळच्या हमरस्त्यावरचा हा किराणा दुकानदार मागाल त्या वस्तूवर एकच प्रश्न विचारतो, "कशाक?" माझं डोकंच फिरतं.

शाळेच्या मुलींना दोन रात्री तेरेखोलला तंबूत न्यायचं होतं. मी यादी पुढे केली.

"बाई, लोणी कशाक? वितळतला. खवलेला खोबरा कशाक? आंबतला. अख्खे नारळ घेवा."

"द्या तुम्हाला काय द्यायचं ते," मी वैतागून म्हटलं.

खाडीकाठी चूल पेटली, भात चढला, आणि लक्षात आलं की नारळ आहेत, पण खवायला काहीच नाही. बत्तीस मुली ताटं वाजवत होत्या. नारळाशिवायच्या आमटीला यांतली एकही हात लावणार नव्हती. घाईने कांद्याचं पोतं उपडं केलं, तर तळाशी गोणपाटात गुंडाळलेली आदोळी, नारळ खवायची विळी! पातं झिजलेलं, पाट तेलकट; दुकानातली नव्हे, घरची. मी तिथेच पाटावर बसले आणि नारळ खवायला घेतला.

परतल्यावर ती द्यायला गेले. त्याची बायको आदोळी आत नेताना हसली, "दोन दिस आमच्या आमटीक नारळ नाय."

मी त्याला विचारलं, "घरची दिलीत? कशाक?"

तो साखर तोलत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमच्या यादीत नाय होती, म्हणान."