पाच जणांची समिती, सहा चिठ्ठ्या

प्राचार्यांनी चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या, एकदा मोजल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजल्या.

"सहा," ते म्हणाले.

समितीत आम्ही पाच जण होतो.

मी बोटांनी माणसं मोजली. प्राचार्य, संस्थेचे उपाध्यक्ष आबासाहेब, अर्थशास्त्राचे प्रोफेसर, ऑफिस सुपरिटेंडेंट आणि मी. पाचच. खोलीत भूत असेल तर त्यालाही हॉकीत रस होता म्हणायचं.

"आणि निकाल?" आबासाहेबांनी विचारलं.

"तीन विरुद्ध तीन."

कॉलेज वाळवा तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्या समितीतले दोघं अजून लग्नकार्यात भेटतात. साल एकोणीसशे सत्तरनंतरचं, एवढं पुरे. मी तिथे फिजिकल डायरेक्टर होतो. म्हणजे मैदान आखायचं, टीम निवडायची आणि गॅदरिंगला मांडवाचे खांब रोवून घ्यायचे. वय अठ्ठावीस. नोकरी प्रोबेशनवर. म्हणजे पगार मिळायचा, पण 'तुम्ही कायम' असं कागदावर कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते लिहून देणार होते आबासाहेब. हे ध्यानात ठेवा.

दरवर्षी हॉकीच्या उत्तम खेळाडूला कॉलेजतर्फे ब्लेझर मिळायचा. खिशावर बोधचिन्ह, पितळी बटणं. त्या वर्षी मात्र ब्लेझरबरोबर नोकरीही होती. इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याला हॉकीची टीम उभी करायची होती. त्यांचं पत्र आलं: तुमचा उत्तम खेळाडू कळवा, त्याला कामावर घेतो. शनिवारपर्यंत नाव हवं होतं. मीटिंग शुक्रवारी दुपारी भरली.

उमेदवार दोन. एक विक्रम, आमचा सेंटर फॉरवर्ड. वर्षात चौदा गोल. देखणा, केस मागे वळवलेले आणि आबासाहेबांचा सख्खा पुतण्या.

दुसरा माणिक लोखंडे. गोलकीपर. दहिवडीकडचा, माण तालुक्यातला. वडील मुंबईत गिरणीत. त्यांनी पोरासाठी तिथेच बदली कामगाराची जागा बघून ठेवली होती. कारखान्याचं जमलं नाही तर सोमवारी सकाळच्या एस.टी.नं माणिक मुंबईला जाणार होता. हॉस्टेलवर त्याची वळकटी बांधून तयार होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. वळकटीत हॉकी स्टिक नव्हती. ती त्यानं जिमखान्यात जमा करून पावतीसुद्धा घेतली होती.

मीटिंगला सुरुवात आबासाहेबांनी केली. पांढरा फेटा, हातात काठी.

"हे बघा, आमचा विक्रम हाय म्हणून इचार करू नका. पोरगं खेळतंय चांगलं, ते खरं हाय. पन तुमी गुणावर ठरवा."

आम्ही सगळे शिकलेली माणसं. एवढ्या स्पष्ट बोलण्याचा अर्थ आम्हाला लगेच कळला. विक्रमलाच द्या.

प्रोफेसर ताबडतोब कामाला लागले. "उत्पादन बघा! विक्रमचे गोल चौदा. लोखंडेचे किती? शून्य. गोलकीपर हा घटक मुळात अनुत्पादक आहे."

"सर," मी म्हणालो, "गोलकीपरनं गोल करायचा नसतो. अडवायचा असतो."

"पण त्याची नोंद कुठाय?" सुपरिटेंडेंट म्हणाले. त्यांच्या जगात नोंद नसलेली गोष्ट घडलेलीच नसायची.

मग मी पेनल्टी कॉर्नर समजावून सांगितला. पेपरवेट झाला चेंडू, दौत झाली गोलपोस्ट. बचाव करणाऱ्यांनी चूक केली की समोरच्यांना गोलरेषेवरून चेंडू आत ढकलायला मिळतो. त्यांचा दुसरा गडी तो थांबवतो, तिसरा सगळा जीव लावून हाणतो. गोलकीपर समोर उभा. साताऱ्याच्या टीमला आमच्याविरुद्ध असे नऊ कॉर्नर मिळाले. नऊच्या नऊ माणिकनं अडवले. कॉलेजची पॅडं फाटली होती, म्हणून त्यानं पायाला गोणपाट गुंडाळलं होतं. शेवटचा चेंडू त्यानं छातीवर घेतला.

"छातीवर?" प्राचार्य दचकले.

"छातीवर. आम्ही एका गोलनं जिंकलो. तो गोल विक्रमचा. पेपरात नाव विक्रमचं."

तासभर मी माणिकसाठी असा भांडलो, की वकील व्हायला हवं होतं असं माझं मलाच वाटलं. शेवटी प्राचार्यांनी गुप्त मतदान पुकारलं. विक्रमला एक रेघ, लोखंडेला दोन. अक्षर ओळखायचा प्रश्न नको. सुपरिटेंडेंटनी फुलस्कॅप दुमडून फाडला आणि शिपाई शंकरमामानं चिठ्ठ्या वाटल्या, मग चहाच्या रिकाम्या किटलीत गोळा केल्या.

आणि निघाल्या सहा.

"हा घोटाळा आहे!" सुपरिटेंडेंट उठून उभे राहिले. "दोन चिठ्ठ्या कुणी टाकल्या?"

आम्ही पाचही जण एकमेकांकडे चोर पकडल्यासारखे बघू लागलो. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"आवं, सहावी माजी हाय."

शंकरमामा. खांद्यावर फडकं, हातात कपबश्या.

"तुझी?" सुपरिटेंडेंटचा आवाज फाटला.

"सायेब, कागूद तुमीच फाडला. तुकडं सहा पडलं. पाच वाटलं, एक उरलं. मला वाटलं, माजंच असंल."

फुलस्कॅप आडवा तीन भागांत आणि उभा दोन भागांत दुमडला की सहाच तुकडे पडतात. सुपरिटेंडेंट वीस वर्षं तसाच फाडत होते. उरलेला तुकडा ते कान कोरायला वापरायचे. त्या दिवशी विसरले.

"कुणाला दिलंस मत?" प्रोफेसरांनी विचारलं. "तेवढं वजा करू."

"गुप्त हाय न्हवं?"

"अरे, पण तुला मताचा अधिकारच नाही!"

"बरं," शंकरमामा म्हणाला. त्यानं कपबश्या शांतपणे खाली ठेवल्या. "न्हाई तर न्हाई. पन एक इचारू का सायेब? पोरास्नी पानी आन् लिंबं घिऊन मी दर म्याचला जातो. ह्यो सर असत्यात. बाकी तुमी कोन कवा आला हुतासा?"



प्राचार्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांनी दौतीकडे पाहिलं. मी स्वतः थक्क झालो होतो. तीन वर्षं मी यांना सामन्यांचे अहवाल देत होतो. यांच्यापैकी एकानंही एक सामना पाहिला नव्हता, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मग एकच मार्ग," प्राचार्य म्हणाले. "सामने पाहिलेले सभासद एकटे तुम्ही. तुम्ही उघड सांगा. ते नाव अंतिम."

आता ती गोष्ट सांगतो, जी त्या खोलीत सांगायची माझी छाती नव्हती. तासभर माणिकसाठी भांडून, चिठ्ठी हातात आल्यावर मी आबासाहेबांच्या काठीकडे पाहिलं होतं आणि एक रेघ मारली होती. एकच. भाषण माणिकला, मत विक्रमला. प्रोबेशन माणसाला असलं कौशल्य शिकवतं.

मी उभा राहिलो. डोळ्यांपुढे ती वळकटी आली. मग माझी स्वतःची वळकटी आली. तोंडातून मात्र निघालं, "माणिक लोखंडे."

आबासाहेबांनी टेबलावर काठी आपटली. दौत उडाली. मी मनात सामान बांधायला घेतलं.

"मग इतका वेळ काय भजन चाललं हुतं रं? मी दोन रेघा मारल्यात! प्राचार्य, तुमी?"

"दोनच," प्राचार्य कसेबसे म्हणाले.

"तर मग ह्या तीन एक-एक रेघा कुनाच्या? विक्रम कारखान्यात गेला तर शेताकडं कोन बघनार? माजे गुडघे गेल्यात. थोरला भाऊ, विक्रमचा बाप, आता न्हाई. वैनीला पोरगं प्यांट घालून नोकरीला जायला पायजे. तिच्याफुडं मला बोलता येत न्हाई. म्हणून तर म्हनलं गुणावर ठरवा! मराठीतच बोललो न्हवं का मी?"

प्रोफेसरांचा जबडा खाली आला तो वर जाईना. सुपरिटेंडेंट बसायला गेले आणि खुर्चीच्या कडेवरून घसरले. आम्ही तिघांनी ज्यांना खूश करायला एक रेघ मारली, तेच आमच्यावर खवळले होते.

मग हिशेब सुरू झाला. आबासाहेब दोन रेघा, प्राचार्य दोन. तिसऱ्या दोन रेघा सगळ्यांनी माझ्या धरल्या, कारण मी आत्ताच माणिकचं नाव घेतलं होतं. प्रोफेसर आणि सुपरिटेंडेंट गप्प, म्हणजे त्यांच्या एक-एक. मग तिसरी एक रेघ?

सगळ्यांनी शंकरमामाकडे पाहिलं.

"बघा!" सुपरिटेंडेंटना चेव आला. "उपाध्यक्षांच्या पुतण्याला मत! खुशामत कशी मुरलीय बघा!"

शंकरमामानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग कपबश्या उचलल्या.

"गुप्त हाय, सायेब," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी तोंड उघडलं. मग 'ती रेघ माझी' म्हणण्याऐवजी उडालेली दौत उचलून जागेवर ठेवली.

माणिकला ब्लेझर मिळाला. सोमवारी तो एस.टी.नंच गेला, पण इस्लामपूरला. जाण्याआधी जिमखान्यात येऊन त्यानं स्टिकची पावती परत केली आणि स्टिक घेऊन गेला. कॉलेजच्या मालमत्तेची मी केलेली ती एकमेव उधळपट्टी. विक्रमनं उसात नाव काढलं. त्याच्या आईनं मात्र मला पुढे कधी ओळख दाखवली नाही. मला कायम केलं. स्वतः आबासाहेबांनी, 'निर्भीड माणूस' असा शेरा मारून.

तो कागद घेऊन शंकरमामाच माझ्या खोलीत आला. बशीत चहा ओतून त्यानं माझ्यापुढे सरकवला.

"सर, एक सांगू? चिठ्ठी गोळा करताना मी मागंच हुतो. तुमची एक रेघ मी बघितली. मनापास्नं रेघ मारायला मानसाला एवढा घाम येत न्हाई."

"मामा, मग तू बोलला का नाहीस?"

"ते तुमी बोलायचं हुतं की."

पुढे कॉलेजात असंख्य निवडी केल्या. त्यातून दोन गोष्टी शिकलो. मोठा माणूस 'गुणावर ठरवा' म्हणाला, तर एकदा तरी तसंच करून पाहावं. आणि चिठ्ठी लिहिताना मागे कोण उभं आहे ते बघावं. नाव आपलं निर्भीड होतं आणि खुशामतखोर दुसरा ठरतो.