सैपाकघरातली लाईट

माझ्या बायकोच्या बोटांना संधिवातानं धरलं त्याला आता चार वर्षं झाली. सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठ वळत नाही. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून पिते. नगरला सावेडीतल्या आमच्या घराची बटणं जुन्या पद्धतीची, घट्ट. ती दाबायला बोटात जोर लागतो. मग ती कोपरानं दाबायची, तेही जमलं नाही तर उलथन्याच्या दांड्यानं. मला हाक मारली असती तर मी उठलो असतो, पण हाक मारणं तिच्या स्वभावात नाही. "लाईट लावायला दुसरं मानूस कशाला लागतंय?" असं म्हणायची. माहेर जामखेडजवळच्या खर्ड्याचं. नगरात पस्तीस वर्षं राहूनही तिनं आपली बोली सोडलेली नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून लेक आली होती. आई उलथनं घेऊन बोर्डापाशी उभी आहे हे तिनं पाहिलं. पंधरा दिवसांनी कुरिअरनं एक खोकं आलं. आत आगपेटीएवढी सहा पांढरी मॉड्यूल आणि तिचा स्वतःचा जुना मोबाईल. मागोमाग फोन आला.

"बाबा, ही मॉड्यूल बोर्डाच्या आत, बटणाच्या मागं बसवायची. मग आईनं मोबाईलला नुसतं सांगायचं, की लाईट लागेल. बटणंही चालू राहतील. फक्त एक करा, वायरमन बोलवा."

"वायरमन? मग मी कोण आहे?"

नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्सला होतो. इलेक्ट्रिशियन. मोटारी, पॅनल, क्रेन, सगळं माझ्या हाताखालून गेलं. आणि या घरातली एकूण एक वायर मी स्वतः ओढलेली आहे. पाईपातून वायर सरकवायला एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ही. त्यामुळं या कामात कुणी वायरमनचं नाव काढावं, हे मला जरा लागलं.

रविवारी सकाळी मेन बंद करून हॉलच्या बोर्डापासून सुरुवात केली. बसवणं सोपं होतं. फेज म्हणजे करंट आणणारी वायर आणि न्यूट्रल म्हणजे परतीची, या शेजारच्या सॉकेटवरून घ्यायच्या, दिव्याकडं जाणारी वायर मॉड्यूलच्या आऊटपुटला जोडायची. वीस मिनिटांत बसलं. मेन चालू केला, मॉड्यूलवरचा निळा ठिपका लुकलुकायला लागला. मोबाईलमधलं ॲप मात्र शोधत बसलं. गोल फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी 'उपकरण सापडले नाही'. मी स्क्रू पुन्हा आवळले. मोबाईल बंद करून चालू केला. तीनदा तेच. बायको दारात उभी राहून बघत होती.

"तुमच्यावानी कारागीर घरात हाय हे त्याला अजून कुनी सांगितलं न्हाई वाटतं," ती म्हणाली.

शेवटी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं दोन मिनिटांत ओळखलं. आमच्या वायफायची मोबाईलमध्ये दोन नावं दिसतात, एका नावाच्या शेवटी पाचचा आकडा आहे. मी मोबाईल त्या पाचवाल्याला जोडला होता, आणि ही मॉड्यूल फक्त दुसऱ्यालाच ओळखतात. नाव बदललं आणि मॉड्यूल लगेच सापडलं. हॉल, झोपायची खोली, न्हाणीघर, व्हरांडा, बाराच्या आत चार जागा झाल्या. पाचवी स्वयंपाकघराची. तिथं अडलं.

मॉड्यूल ॲपला सापडलं. ॲपमध्ये 'चालू' दाबलं की आत टिक् असा आवाजही यायचा. पण दिवा लागायचा नाही. बंद केलं, टिक्. चालू केलं, टिक्. दिवा ढिम्म. बल्ब बदलून पाहिला. तेच.

"मॉड्यूल खराब निघालं," मी जाहीर केलं. "सहातलं एखादं निघतंच."

ते काढून सहावं लावलं. तेच. मग खराब म्हणून बाजूला ठेवलेलं मॉड्यूल हॉलमध्ये लावून पाहिलं, तर तिथं ते झकास चालायला लागलं. हॉलचं आणून स्वयंपाकघरात लावलं, की गप्प. आता कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी मला हे सांगितलं असतं, तर मी क्षणात म्हणालो असतो की मशीन ठीक आहे, लाईन तपास. पण लाईन माझ्या हातची होती. ती तपासायची असते हेच डोक्यात येईना. वायफाय तिथवर पोचत नसेल म्हणून राऊटर हलवला. फ्रिजमुळं त्रास होत असेल म्हणून फ्रिज बंद करून पाहिला. जेवायची वेळ टळली. बायकोनं पिठलं-भाकरी झाकून ठेवली आणि खिडकीच्या उजेडात भांडी आवरत राहिली.

"आता जेवून घ्या. लाईट कुठं पळून जात न्हाई."

जेवलो, पण मन ताटात नव्हतं. हात धुतले, नीट पुसले, आणि टेस्टर घेऊन स्टुलावर चढलो. बोर्डाचं बटण बंद होतं, मॉड्यूल बंद होतं. बल्ब काढला आणि होल्डरच्या आतल्या एका पिनेला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

मी पुन्हा लावला. पुन्हा पेटला. बटण बंद असताना होल्डरमध्ये करंट असायलाच नको. बटणाचं कामच ते, दिव्याकडं जाणारी फेज तोडणं. इथं फेज सरळ दिव्यापर्यंत आलेली होती आणि बटण नुसती न्यूट्रल तोडत होतं. दिवा तसाही लागतो, तसाही विझतो, वरून काही कळत नाही. मॉड्यूल मात्र आपल्या बाजूनं दिव्याला फेज देत होतं, आणि पलीकडून दिव्याला आधीच फेज होती. दोन्ही बाजूंनी फेज आली तर दिवा कसा लागणार!

ही चूक नवशिका करतो. या चुकीसाठी मी कारखान्यात लोकांना सगळ्यांसमोर झापलेलं आहे.

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. हळूहळू आठवायला लागलं. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी झालं होतं. लेकीच्या वेळी हिचे दिवस भरत आले होते, दवाखान्यात कधी जावं लागेल याचा नेम नव्हता, आणि मी लागोपाठ दोन शिफ्ट करून आलो होतो. न्यूट्रलची काळी वायर संपली म्हणून दोन्हीकडं लालच वापरली. लाल-लालमध्ये गफलत झाली, आणि तपासायचं राहून गेलं.

"काय झालं? असं का हुबं ऱ्हायला?" हिनं विचारलं.

"वायर उलटी आहे," मी म्हणालो. "मीच उलटी जोडली होती. बटण बंद केलं तरी इथं वर करंट येत होता. इतकी वर्षं."

 हातातलं पातेलं तिनं ओट्यावर ठेवलं.

"म्हंजे तवा मी सांगत हुते ते खरं हुतं," ती म्हणाली.

तेव्हा म्हणजे कधी, हे विचारायची मला गरज नव्हती. लेक तीन-चार वर्षांची असेल. दिवाळीची झाडलोट चालली होती. ही स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला दिवा पुसत होती आणि एकदम खाली पडली. मनगट सुजलं. "झटका बसला, बटन बंद हुतं तरी बसला," असं ती सांगत होती. खर्ड्याहून तिचा भाऊ आलेला होता. त्याच्यासमोर मी हसून म्हणालो होतो, "बटण बंद असताना करंट येईलच कसा? हात ओले असतील, पाय सटकला असेल. हे आमचं रोजचं काम आहे." तोही हसला होता.  त्यानंतर स्वयंपाकघरातला दिवा पुसायचा झाला की ती आख्ख्या घराचा मेन बंद करायची. मी त्यावरूनही तिची थट्टा केलेली आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा.

मी खाली उतरलो. "चुकलो मी," म्हणालो. "तुझं काहीच चुकलं नव्हतं. आणि तू मेन बंद करत होतीस म्हणून वाचलीस."

"मला ठावंच हुतं," ती म्हणाली. "झटका मला बसला हुता, तुमाला न्हाई." मग पातेलं उचलत, "आदी ते नीट करा. च्या ठेवते."

मेन बंद केला. बोर्डात दोन्ही वायरींची अदलाबदल करून फेज बटणावर आणि न्यूट्रल सरळ दिव्याकडं घेतली, आणि न्यूट्रलच्या वायरीला दोन्ही टोकांशी काळी टेप गुंडाळली, पुढं कुणी उघडलं तर त्याला कळावं म्हणून. मग मेन लावून पहिल्यांदा टेस्टरनं पाहिलं, मग बल्ब लावला. ॲपमध्ये दाबलं. टिक्, आणि उजेड पडला. तेवढ्यावर न थांबता घरातला प्रत्येक पॉइंट तपासला. बाकी सगळे सरळ होते.

आता राहिलं बोलणं. मोबाईल मी ओट्याजवळच्या फळीवर उभा केला. ही समोर उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "सैपाकघरातली लाईट लाव."

मोबाईल म्हणाला, "माफ करा, मला समजले नाही."

"अगं, किचन लाईट म्हण," मी सांगितलं. "त्यात तेच नाव टाकलंय."

"मी का म्हनू? घर माजं हाय. त्यानं शिकावं."

पुन्हा लेकीला फोन. ती इतकी हसली की तिला बोलता येईना. दिव्याला हवं ते नाव देता येतं, म्हणाली. मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि सगळ्या दिव्यांची नावं हिच्या तोंडची टाकली. सैपाकघर, न्हानी, म्होरली लाईट. म्होरली म्हणजे व्हरांड्यातली. दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा त्याला तिचं बोलणं उमगलं आणि दिवा लागला. तिनं पुन्हा विझवायला सांगितलं, पुन्हा लावायला सांगितलं. असं पाच-सहा वेळा केलं. तिचे दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवलेले होते.

त्या संध्याकाळी चहा पिताना तिनं एकदम विचारलं, "दादाच्या घरची वायरिंगबी तुमीच केल्ती ना?"

केली होती, त्याच सालात. मी कप खाली ठेवला. पुढच्या रविवारी जामखेडची एसटी पकडून आम्ही खर्ड्याला गेलो. खिशात टेस्टर. मेहुण्याला वाटलं जेवायला आलेत, आणि आम्ही आलो ते सरळ स्टूल मागितलं. घरातले अकरा पॉइंट एकेक करून तपासले. अकराही सरळ निघाले. मी खाली बसलो, पाणी प्यायलो, आणि मग मेहुण्याला सगळं सांगितलं. त्या दिवाळीत तुझी बहीण खरं बोलत होती, आपण दोघं हसलो ते चुकलं, हेही सांगितलं. तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मग बहिणीकडं.

"तवाच का न्हाई भांडलीस गं?" तो म्हणाला.

"तुमी दोगं हसत हुता. कुनाशी भांडू?"

तो उठला आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर गेला. परत आला तो गावातनं मटण घेऊन. जेवण होईपर्यंत दुपार कलली. ओसरीवर भावजय तांदूळ निवडत होती आणि ही तिला समजावून सांगत होती, फेज कुठली, न्यूट्रल कुठली, बटण कशाला तोडतं. मी आत आडवा पडून ऐकत होतो. सगळं बरोबर सांगत होती. एके ठिकाणी भावजयीनं विचारलं, "पर वळकायचं कसं, वन्सं?" तर ही म्हणाली, "टेस्टर लावायचा. कुनी कितीबी मोटा कारागीर असू दे, टेस्टर लावायचा." मग तिनं मला हाक मारून टेस्टर मागितला. मी तो नेऊन दिला आणि तिच्या शेजारी बसलो.