डब्यातले पासवर्ड

शिरपूरच्या बसस्टँडसमोर कमरुन्निसाचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. अर्ध्या गावाचे पासवर्ड तिच्याकडे बिस्किटाच्या डब्यात, चिठ्ठ्यांवर. लोकच म्हणायचे, "तुह्यापाशी असू दे, आमच्या ध्यानात राहत नाही." तिलाही त्याचा तोरा होता.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात कोणीतरी एका मुलीचं खातं उघडून फोटो पळवले. कमरुन्निसाच्या जिवाला घोर लागला. खाती सुरक्षित कशी ठेवायची याचं पुस्तक शोधायला ती तडक वाशिमला जाऊन पुस्तकांच्या दुकानात शिरली. एका जाडजूड पुस्तकावर तोंड झाकलेल्या चोराचं चित्र होतं आणि आत नुसत्या नेटवर्कच्या आकृत्या. दुसरं पातळ होतं. त्याच्या पहिल्याच पानावर विचारलं होतं, 'तुमचा पासवर्ड तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?'

अर्ध्या गावाचं उत्तर एकच होतं, कमरुन्निसा. चोराला आकृत्या कशाला हव्यात? डबा उचलला की झालं! तिने पातळ पुस्तक घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठ्या परत करायला सुरुवात केली. म्हाताऱ्या रुपाबाईला तर तासभर शिकवून नवा पासवर्ड टाकायला लावला आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली.

"काकू, हा कोणालेच सांगू नका. मलेबी नाही."

"नाही सांगत व माय."

संध्याकाळी रुपाबाई परत आली. इकडेतिकडे पाहत तिने पदराची गाठ सोडली आणि कमरुन्निसाच्या मुठीत एक चिठ्ठी कोंबली.

"शेजारणीकडून लिहून आणला. ठेव तुह्यापाशी. दुसऱ्या कोणाले सांगू नोको."