लांब डबे आणि भिंतीकडची कॉट

माझ्या मॉडेल रेल्वेच्या डब्यांत खोट नाही, मी घातलेलं रुळांचं वळणच फार आवळलेलं आहे, हे आज सकाळी शेजारच्या सुभेदारांनी पक्कं केलं. फौजेत त्यांनी घाटातून लांब ट्रेलर चालवले आहेत.

नवे लांब डबे आठवडाभर त्याच वळणावर रुळावरून उतरत होते. जुने, छोटे डबे मात्र आरामात फिरत होते.

सुभेदार फरशीवर बसून बघत होते. "आवं, खोली एवढी मोठी हाय. मग वळण असं चिमटून का घेतलंय?"

मी भिंतीकडच्या कॉटकडे पाहिलं. बायको गेल्यापासून त्या कॉटवर कुणी झोपलेलं नाही. ती हलवायला नको, म्हणून मीच रूळ तिच्या अलीकडून वळवले होते.

सुभेदारांनीही कॉटकडे पाहिलं. मग म्हणाले, "रोज गाडी पाडताय म्हणून वैनी तुमच्यावरच वरडल्या असत्या."

उद्या दहा वाजता ते कॉट उचलायला येणार आहेत. मी हो म्हटलंय. मग लांब डबेही वळतील, असं ते म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी अशी कॉट हलवली असेल, तर त्यानंतर खोली केवढी वाटली, तेवढं सांगा.